जळणाचा जमाखर्च

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

आजचा विषय शाळेंतील रसायनशास्त्राच्या तासाला शोभणारा आहे. ज्वलनाचीं रासायनिक समीकरणें कशीं तोलावीं, म्हणजे त्यांच्या दोन्ही बाजू समतोल कशा कराव्या, हें मला सांगावयाचें आहे. "आम्हांस आतां परीक्षा द्यावयाची नाहीं, मग हें समीकरण आमच्या घरीं कशाला?" असा प्रश्न आपल्यांपैकीं कित्येकांच्या मनांत आलाच असेल. त्याचें उत्तर भाषणाच्या ओघांत मिळेल. तूर्त एवढेंच सांगतों कीं, ज्या घरांत चूल, शेगडी, समई किंवा पाणी तापविण्याचा गॅस गिझर आहे, त्या घरांत हें समीकरण रोज मांडलें जातें. आपण तें कागदावर मांडलें नाहीं तरी ज्योत तें मांडीतच असते. आणि तिच्या हिशेबांत प्राणवायूची तूट आली, तर ती तूट कधीं कधीं माणसाच्या प्राणांनीं भरून काढली जाते.

माझ्याजवळ येथें फळा नाहीं आणि खडूहि नाहीं. म्हणून ज्यांना सोयीचें असेल त्यांनीं कागद व पेन्सिल घेऊन बसावें. आंकडे लहान आहेत. बेरीज आणि पाढे यांपलीकडे कांहीं लागणार नाहीं.

प्रथम एक साधा प्रश्न. रात्रीं चुलींत पांच किलो लांकूड घातलें आणि सकाळीं मूठभर राख उरली. बाकीचें लांकूड गेलें कोठें? व्यवहारांत आपण "जळून गेलें", "खाक झालें" असें म्हणून मोकळे होतों. जणूं कांहीं तें ह्या जगांतूनच नाहींसें झालें! अठराव्या शतकांतील युरोपियन पंडितांची समजूतहि याहून फार निराळी नव्हती. श्टाल (१६५९-१७३४) ह्या जर्मन वैद्याच्या मताप्रमाणें जळणाऱ्या प्रत्येक पदार्थांत 'फ्लॉजिस्टन' नांवाचें एक ज्वालातत्त्व कोंडलेलें असतें, आणि पदार्थ जळतांना तें बाहेर निघून जातें. लांकडाच्या बाबतींत हें पटण्यासारखें होतें. परंतु धातूंनीं ह्या मताला अडचणींत आणलें. कथील हवेंत पुष्कळ वेळ तापविलें म्हणजे त्याचें भस्म होतें, आणि त्या भस्माचें वजन मूळच्या कथिलाहून जास्त भरतें. आंतून कांहीं निघून गेलें असेल, तर वजन वाढावें कसें?

ह्या वादाचा निकाल आंत्वान लाव्हाझिए (१७४३-१७९४) ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें तराजूच्या साक्षीनें लावला. गंधक आणि फॉस्फरस हे पदार्थ जळले म्हणजे वजनानें वाढतात, असें त्याला १७७२ सालीं आढळलें होतें. पुढें १७७४ सालीं त्यानें कांचेच्या पात्रांत कथील घालून पात्राचें तोंड पक्कें बंद केलें, आणि तें तसेंच तापविलें. आंत भस्म झालेलें दिसत होतें. पण तापविण्यापूर्वींचें वजन आणि नंतरचें वजन यांत फरक नव्हता. पात्राचें तोंड फोडतांच बाहेरची हवा आवाज करीत आंत शिरली आणि मग वजन वाढलें. अर्थ उघड होता. कथिलानें पात्रांतील हवेचा कांहीं भाग स्वतःमध्यें सामावून घेतला होता, आणि त्याची रिकामी झालेली जागा बाहेरच्या हवेनें भरून काढली. हा जो हवेचा भाग, तोच प्राणवायु. इंग्लंडांत जोसेफ प्रीस्टली यानें त्याच १७७४ सालीं पाऱ्याच्या तांबड्या भस्मापासून तो वेगळा काढला होता, आणि स्वीडनमधील शेले याला तो त्याच्याहि आधीं मिळाला होता. परंतु ज्वलनांत त्याचें काम काय, हें लाव्हाझिएनें ओळखलें आणि त्याचें 'ऑक्सिजन' हें नांवहि त्यानेंच ठेविलें.

हा लाव्हाझिए सरकारी कर वसूल करणाऱ्या मक्तेदार मंडळाचा भागीदार होता. जमा आणि खर्च यांचा मेळ बसलाच पाहिजे, ही दृष्टि त्याच्या अंगीं पूर्ण मुरलेली होती. १७८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या रसायनशास्त्राच्या ग्रंथांत त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, कोणत्याहि क्रियेच्या आधीं जेवढें द्रव्य असतें तेवढेंच क्रियेनंतर असतें; आणि द्राक्षांचा रस आंबण्याची क्रिया त्यानें बीजगणितांतील समीकरणासारखी मांडून दाखविली. करांच्या त्याच मक्त्याशीं असलेल्या संबंधामुळें राज्यक्रांतीच्या धामधुमींत ८ मे १७९४ रोजीं त्याचा शिरच्छेद झाला. परंतु त्यानें घालून दिलेली हिशेबाची शिस्त आजतागायत चालू आहे. शाळेंतील मुलें समीकरण तोलतात, तेव्हां तीं त्याच्याच वहीचीं पुढचीं पानें लिहीत असतात.

आतां ही वही उघडूं. सर्व पदार्थ अणूंचे बनलेले आहेत. दोन किंवा अधिक अणूंचा जुळून राहिलेला जो समूह त्यास रेणु म्हणतात. पदार्थ जळतो म्हणजे अणु नष्ट होत नाहींत. त्यांचे जुने संसार मोडतात आणि नवे मांडले जातात. आपल्या घरांतील बहुतेक जळणांच्या हिशेबांत तीनच खातीं असतात. पहिलें कर्बाचें, म्हणजे कार्बनचें. दुसरें उज्जाचें, म्हणजे ज्यास हायड्रोजन म्हणतात त्याचें. आणि तिसरें प्राणवायूचें. ज्वलन पूर्ण झालें म्हणजे कर्बाचा कर्बाम्लवायु होतो. यालाच आजचीं पुस्तकें कार्बन डायॉक्साइड म्हणतात. त्याच्या रेणूंत एक अणु कर्बाचा व दोन प्राणवायूचे असतात. उज्जाचें पाणी होतें. त्याच्या रेणूंत दोन अणु उज्जाचे व एक प्राणवायूचा असतो. जळण हें अग्नीच्या पोटांतून पाणी होऊन बाहेर पडतें, हें ऐकून आश्चर्य वाटेल. पण त्याचा पुरावा आपल्या ओट्यावरच आहे, तो पुढें येईल.

सर्वांत सोपें समीकरण उज्जाचें. डावीकडे उज्जाचा एक रेणु लिहा. त्यांत दोन अणु. त्याच्याशेजारीं प्राणवायूचा एक रेणु लिहा; त्यांतहि दोन अणु. मध्यें बाण काढून उजवीकडे पाण्याचा एक रेणु लिहा. आतां खातीं ताडून पाहा. उज्ज डावीकडे दोन, उजवीकडे दोन; ठीक आहे. प्राणवायु मात्र डावीकडे दोन आणि उजवीकडे एक. एक अणु हिशेबांतून गळाला.

येथें पुष्कळ विद्यार्थी एक सोपी युक्ति करितात. ते पाण्याच्या रेणूंतच प्राणवायूचा आणखी एक अणु घुसडून देतात. बेरीज जमते, पण पाणी मात्र पाणी राहत नाहीं! त्याचें हायड्रोजन पेरॉक्साइड होतें, जें जखमा धुण्यासाठीं वापरीत असत, तें. म्हणून ह्या शास्त्राचा पहिला नियम असा कीं, रेणूंची संख्या हवी तितकी बदलावी, पण रेणूची घडण बदलूं नये. किती भांडीं ठेवावयाचीं हें आपल्या हातीं आहे. भांड्याचा आकार ज्याचा त्यानें ठरवून दिलेला आहे. तेव्हां उजवीकडे पाण्याचे दोन रेणु लिहूं. प्राणवायु जुळला, पण उज्ज उजवीकडे चार झाला. म्हणून डावीकडे उज्जाचेहि दोन रेणु करूं. झालें समीकरण पुरें. उज्जाचे दोन रेणु आणि प्राणवायूचा एक रेणु मिळून पाण्याचे दोन रेणु होतात.

कर्ब आणि उज्ज हे दोन्ही ज्यांत आहेत अशा जळणासाठीं एक ठराविक क्रम लक्षांत ठेवावा. आधीं कर्बाचें खातें मिटवावें, मग उज्जाचें आणि सर्वांच्या शेवटीं प्राणवायूचें. याचें कारण असें कीं, कर्ब उजवीकडे फक्त कर्बाम्लवायूंत असतो आणि उज्ज फक्त पाण्यांत असतो. प्राणवायु मात्र दोहोंतहि वांटलेला असतो. शिवाय डावीकडे प्राणवायु एकटाच उभा असल्यामुळें त्याची संख्या कितीहि वाढविली तरी दुसऱ्या खात्यांना धक्का लागत नाहीं.

हा क्रम मिथेनवर चालवून पाहूं. शहरांतून नळानें जो नैसर्गिक गॅस घरोघर येतो, त्यांत मिथेनच मुख्यत्वेंकरून असतो. गोबर गॅसमध्यें जळणारा भागहि तोच. मिथेनच्या रेणूंत एक कर्ब व चार उज्ज. एका कर्बाचा एक कर्बाम्लवायु. चार उज्जांचें दोन रेणु पाणी. आतां उजवीकडील प्राणवायु मोजा. कर्बाम्लवायूंत दोन आणि पाण्याच्या दोन रेणूंत दोन, एकूण चार अणु, म्हणजे प्राणवायूचे दोन रेणु. हिशेब मिटला.

सिलिंडरमध्यें भरलेला स्वयंपाकाचा गॅस हा प्रोपेन व ब्यूटेन यांचें मिश्रण असतो. प्रोपेनमध्यें तीन कर्ब व आठ उज्ज. तीन कर्बाम्लवायु, चार पाणी; प्राणवायूचे अणु सहा आणि चार मिळून दहा, म्हणजे पांच रेणु. येथवर रस्ता सरळ आहे. ब्यूटेनमध्यें मात्र एक वळण येतें. त्यांत चार कर्ब व दहा उज्ज असतात. चार कर्बाम्लवायु आणि पांच पाणी झालें. प्राणवायूचे अणु आठ आणि पांच मिळून तेरा! प्राणवायूचा रेणु दोन अणूंचा. तेव्हां तेरा अणूंसाठीं साडेसहा रेणु लागतील. अर्धा रेणु कोठून आणावा? उपाय सोपा आहे. सगळा हिशेब दुप्पट करावा. ब्यूटेनचे दोन रेणु, प्राणवायूचे तेरा, कर्बाम्लवायूचे आठ आणि पाण्याचे दहा. आठ कर्ब इकडे, आठ तिकडे. वीस उज्ज इकडे, वीस तिकडे. सव्वीस प्राण इकडे, सव्वीस तिकडे.

आणखी एक उदाहरण घेतों, कारण त्यांत एक खोंच आहे. स्पिरिटच्या दिव्यांत जळणारा मद्यार्क घ्या. त्याच्या रेणूंत दोन कर्ब, सहा उज्ज आणि स्वतःच्या पदरचा एक प्राणवायूचा अणु असतो. दोन कर्बाम्लवायु आणि तीन पाणी होतें; प्राणवायूचे अणु चार आणि तीन मिळून सात. परंतु त्यांतील एक मद्यार्कानें घरूनच आणलेला आहे. तो वजा करावा. बाहेरून सहाच लागतात, म्हणजे तीन रेणु. जो हा एक अणु वजा करावयास विसरतो, त्याचा हिशेब कधींच जमत नाहीं.

आतांपर्यंत आपण अणु मोजले. तराजू अणु मोजीत नाहीं, वजन करितो. म्हणून अणूंचीं सापेक्ष वजनें घेऊं. उज्जाचें १, कर्बाचें १२ आणि प्राणवायूचें १६, हीं आपल्या कामापुरतीं पुरेशीं आहेत. ब्यूटेनचा एक रेणु ५८. दोन रेणु ११६. प्राणवायूचे तेरा रेणु ४१६. एकूण ५३२. उजवीकडे कर्बाम्लवायूचे आठ रेणु ३५२ आणि पाण्याचे दहा रेणु १८०. एकूण पुन्हां ५३२. लाव्हाझिएचा तराजू येथें कागदावर समतोल उभा राहतो.

हे आंकडे स्वयंपाकघरांत आणून पाहा. घरगुती सिलिंडरांत १४.२ किलो गॅस असतो. सोयीसाठीं तो सगळा ब्यूटेनच आहे असें धरूं. वरच्या प्रमाणानें तो जळून संपेपर्यंत सुमारें ५१ किलो प्राणवायु ओढून घेतो, आणि त्यापासून सुमारें ४३ किलो कर्बाम्लवायु व २२ किलो पाणी तयार होतें. आपण पैसे मोजून घेतलें तें १४ किलो जळण; हवेनें त्यांत फुकट घातला तो त्याच्या साडेतीनपट प्राणवायु! ते २२ किलो पाणी वाफेच्या रूपानें घरांत पसरतें. गार पाण्यानें भरलेलें पातेलें नुकतेंच पेटविलेल्या गॅसवर ठेवलें म्हणजे त्याच्या बाहेरच्या अंगास दंव धरतें, हें गृहिणींनीं पाहिलेलें असेल. पातेलें गळतें कीं काय, अशी शंकाहि कित्येकींना आली असेल. पातेलें गळत नाहीं. ज्योतींत जन्मलेलें पाणी थंड धातूवर थिजतें, इतकेंच. जो पुरावा पुढें येईल असें मीं म्हटलें होतें, तो हाच.

प्राणवायु हवेंत शुद्ध मिळत नाहीं. वजनानें पाहिल्यास हवेंत त्याचा भाग शेंकडा २३ च्या आसपास आहे. म्हणजे ५१ किलो प्राणवायूसाठीं सुमारें २२० किलो हवा लागते. दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच अशा खोलींत ४० किलोच्या आसपास हवा मावते. एक सिलिंडर संपेपर्यंत अशा पांच-साडेपांच खोल्यांतील सगळी हवा तो प्राणवायु पुरविण्यांत खर्चीं पडते. तरी आपण गुदमरत नाहीं, कारण दारें-खिडक्यांतून नवी हवा सारखी येत असते. ह्या हिशेबांतील सर्वांत मोठी रक्कम खिडकीच्या वाटेनें येते, आणि ती दिसत नाहीं म्हणून तिची कोणी किंमत करीत नाहीं.

मापानें पाहिलें तरी हेंच दिसतें. वायूंच्या बाबतींत रेणूंचें प्रमाण तेंच आकारमानाचेंहि प्रमाण असतें. हवेंत प्राणवायु आकारमानानें शेंकडा २१ आहे. त्यामुळें एक माप मिथेनला साडेनऊ मापें हवा लागते, प्रोपेनला चोवीस आणि ब्यूटेनला एकतीस. सिलिंडर सोडून नळाचा गॅस घेतला म्हणजे शेगडीचे जेट बदलावे लागतात, त्याच्या कारणांत हें एक आहे. दोन्ही वायूंची भूक सारखी नाहीं. एकाच्या मापानें दुसऱ्यास वाढतां येत नाहीं.

आतां विषयाच्या गाभ्याकडे येतों. येथवर आपण असें धरून चाललों कीं, प्राणवायु हवा तितका मिळतो. तो कमी पडला तर?

घरोघर दिव्यावर ताटली उपडी धरून काजळ पाडीत असत, तें आठवा. एरंडेलाची किंवा तुपाची वात मोकळी जळूं दिली तर ताटलीवर फारसें कांहीं जमत नाहीं. ताटली ज्योतीच्या अंगावर आणली म्हणजे ज्योत कोंडते, गार होते, आणि तेलांतील कांहीं कर्बास प्राणवायु मिळत नाहीं. तो न जळतां काळा कर्बच राहतो आणि ताटलीस चिकटतो. काजळ म्हणजे जळणाच्या हिशेबांतील वसूल न झालेली बाकी होय. पातेल्याचें बूड काळें होऊं लागलें, ज्योत निळी न राहतां पिवळी झाली, म्हणजे तीच बाकी थकत चालली आहे असें समजावें. प्रोपेनचा एक रेणु घ्या आणि त्यास पांचाऐवजीं प्राणवायूचे दोनच रेणु द्या. त्याच्या उज्जाचें चार रेणु पाणी होईल आणि तीनहि कर्ब काजळी होऊन उरतील. समीकरण तोलून पाहा. तें बरोबर आहे.

काजळी निदान डोळ्यांना दिसते. ह्या दोहोंच्या मध्यें एक तिसरी अवस्था आहे, ती दिसत नाहीं. प्रोपेनच्या दोन रेणूंस पूर्ण ज्वलनासाठीं प्राणवायूचे दहा रेणु हवेत. त्यांना सातच मिळाले तर पाणी पूर्ण आठ रेणु होऊं शकतें. परंतु सहा कर्बांच्या वांट्यास प्राणवायूचा प्रत्येकीं एकच अणु येतो. कर्बाम्लवायूऐवजीं कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. प्राणवायूचे चौदा अणु इकडे, आठ आणि सहा मिळून चौदा तिकडे. हेंहि समीकरण बिनचूक तोललेलें आहे!

श्रोतेहो, मला जें मुख्यतः सांगावयाचें तें हेंच. तीन समीकरणें, तिन्हीं तोललेलीं, तिन्हींत एकहि अणु हरवलेला नाहीं. पहिल्यांत जेवण शिजतें, दुसऱ्यांत काजळी धरते आणि तिसऱ्यांत माणूस मरतो. समीकरण जुळलें यावरून हिशेब प्रामाणिक आहे एवढेंच कळतें. तो हितकर आहे असें त्यावरून ठरत नाहीं. तीन हिशेबांत फरक आहे तो एकाच खात्याचा. मुलांना आम्ही शिकवितों कीं, प्राणवायूचें खातें सर्वांच्या शेवटीं पाहावें. कागदावर तें योग्यच आहे. घरांत मात्र तें सर्वांच्या आधीं पाहिलें पाहिजे.

हा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन आहे, त्यास वास नाहीं आणि तो नाकाडोळ्यांस झोंबत नाहीं. रक्तांतील ज्या तांबड्या द्रव्यावर प्राणवायु स्वार होऊन शरीरभर जातो, त्या हिमोग्लोबिनला हा वायु प्राणवायूच्या दोनशेंपटीहून अधिक ओढीनें चिकटतो. मग प्राणवायूला बसावयास जागाच राहत नाहीं. डोकें दुखणें, चक्कर, मळमळ, गुंगी, अशा क्रमानें माणूस बेशुद्ध होतो. आणि झोंपेंत असला तर त्यास कांहीं कळण्यापूर्वींच सारें आटोपतें. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यानें गेल्याच्या मागील शतकाच्या अखेरीस ह्या विषाचा अभ्यास केला, आणि खाणींत लहान प्राणी जवळ बाळगावे असें सुचविलें. कारण त्यांचा श्वासोच्छ्वास जलद चालत असल्यामुळें विषाचा परिणाम त्यांच्यावर माणसाच्या आधीं दिसतो. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्षी बाळगण्याची चाल १९८६ पर्यंत टिकून होती. पॅरिसमध्यें २९ सप्टेंबर १९०२ रोजीं सुप्रसिद्ध कादंबरीकार एमिल झोला हा निजण्याच्या खोलींत मृत आढळला, त्याचें कारण हाच वायु. खोलींतील शेकोटीचें धुराडें तुंबलेलें होतें. त्याची पत्नी कशीबशी वांचली.

आपल्याकडील दोन ठिकाणें याहून जवळचीं आहेत. एक शेगडी आणि दुसरें स्नानगृह.

कोळशाच्या शेगडींत खालून येणाऱ्या हवेनें कर्बाम्लवायु होतो; पण तो वर चढतांना लालभडक निखाऱ्यांतून जातो, आणि तेथें त्याचा एक रेणु कर्बाचा एक अणु उचलून मोनॉक्साइडचे दोन रेणु होतो. निखाऱ्यांवर जी निळसर ज्योत नाचतांना दिसते, ती ह्याच वायूच्या जळण्याची. वर मोकळी हवा असली तर तो जळून निरुपद्रवी होतो. नसली तर तसाच खोलींत पसरतो. धूर दिसत नाहीं म्हणून फुललेली शेगडी निर्धोक आहे असें आपण मानतों, आणि नेमकें तेंच घातक ठरतें. बाळंतिणीच्या खोलीचीं दारें-खिडक्या लावून, बाजेखालीं शेगडी ठेवून शेक देण्याची आपली जुनी पद्धत आहे. बाळ-बाळंतिणीस वारा लागूं नये हा हेतु चांगला. पण जो वारा आपण बाहेर अडवितों, तोच त्या शेगडीच्या हिशेबांतील जमेची बाजू असतो. थोडें गणित करूं. समजा, एक किलो कोळशांतील फक्त शंभर ग्रॅम कर्बाचा मोनॉक्साइड झाला. बाराचे अठ्ठावीस होतात, म्हणून शंभराचे सुमारें २३३ ग्रॅम. आकारमानानें सुमारें २०० लिटर. मघांच्या खोलींत हवा ३४,००० लिटर मावते. तेव्हां हा वायु दर हजार भागांत सुमारें सहा भाग झाला. हजारांत एक-दोन भाग असला तरी कांहीं तासांत तो प्राणघातक होऊं शकतो. मग सहा भागांचें काय सांगावें?

स्नानगृहाची गोष्टहि अशीच. लहान खोली, बंद दार, थंडीमुळें लावून घेतलेली झरोक्याची कांच, आणि आंत भडकून जळणारा गॅस गिझर. शेगडीपेक्षां त्याची भूक कितीतरी मोठी. थोड्याच मिनिटांत तेथील प्राणवायु उणा पडतो आणि पहिलें समीकरण तिसऱ्यांत बदलतें. स्नानास गेलेली तरुण मुलें-मुली बाहेर आलींच नाहींत, अशा बातम्या हिंवाळ्यांत वृत्तपत्रांत वाचावयास मिळतात. त्या घरांतून रसायनशास्त्र शिकलेलीं माणसें नसतील असें नाहीं. समीकरण त्यांना पाठ असेल; तें आपल्याच घरांत चाललें आहे, हें कोणी दाखविलें नसेल.

येथें एका गैरसमजाविषयीं सांगणें अवश्य आहे. जुन्या विहिरींत किंवा पेवांत उतरण्यापूर्वीं कंदील सोडून पाहण्याची आपली चाल आहे. कंदील विझला तर उतरावयाचें नाहीं. कर्बाम्लवायु फार साठला असेल किंवा प्राणवायु फार घटला असेल तर ही परीक्षा उपयोगी पडते. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतींत तिच्यावर विसंबूं नये. तो माणसास मारण्याइतका झाला तरी दिवा खुशाल तेवत राहतो. खालीं बसून किंवा उंचावर निजूनहि त्यापासून सुटका होत नाहीं; कारण त्याचा रेणु २८ वजनाचा आणि हवेची सरासरी २९, त्यामुळें तो खोलीभर मिसळून जातो. सिलिंडरमधील न जळलेला गॅस मात्र ४४ ते ५८ वजनाचा, म्हणून गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. एकाच पाढ्यानें दोन निरनिराळे धोके ओळखतां येतात.

तेव्हां व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतों. पेटती शेगडी ठेवून बंद खोलींत कोणी निजूं नये, मग ती कितीहि फुललेली असो. बाळंतिणीस शेक द्यावयाचाच तर खिडकी उघडी ठेवावी, आणि शेक संपतांच शेगडी बाहेर काढावी. गॅस गिझर स्नानगृहाच्या आंत न बसवितां बाहेर मोकळ्या हवेंत बसवावा. आंतच असेल तर बादली भरून घेऊन, गिझर बंद करून, दार-खिडकी उघडून आंतली हवा पालटूं द्यावी आणि मग स्नान करावें. ज्योत पिवळी दिसूं लागली किंवा भांडीं काळीं होऊं लागलीं, तर शेगडी साफ करवून घेण्यास दिरंगाई करूं नये. एकाच खोलींत असलेल्या दोघांतिघांचें डोकें एकाच वेळीं दुखूं लागलें, तर चहाची किंवा औषधाच्या गोळीची वाट न पाहतां सर्वांनीं प्रथम मोकळ्या हवेंत यावें आणि लगेच डॉक्टरांस बोलवावें; ह्या विषावर डॉक्टरहि प्रथम प्राणवायूच देतात. कोणी आंत पडलेला आढळला तर दारें सताड उघडून त्यास बाहेर ओढावें. आंत थांबून त्याची विचारपूस करीत बसूं नये.

ज्या घरांत मॅट्रिकच्या वर्गांतील मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरांतील वडील माणसांस माझी एक विनंति आहे. पोर ब्यूटेनचें समीकरण तोलावयास बसेल, तेव्हां प्राणवायूच्या जागीं तेरा हा आंकडा आला कीं नाहीं एवढेंच पाहूं नका. "हे तेरा आपल्या घरांत येतात कोठून?" असें त्यास विचारा, आणि त्याच्याकडून घरांतील सर्व झरोके मोजवून घ्या. एखादा पुठ्ठा लावून बुजविलेला आढळेल, एखाद्यापुढें कपाट आलेलें असेल. तें सरकवावयास त्याला मदत करा. म्हणजे त्या दिवसाचा रसायनशास्त्राचा धडा पुरा झाला असें मी समजेन.